एका फटीचे तेरा महिने : अँड्र्यू वाइल्स यांच्या ध्येयनिष्ठेचा प्रकरण अभ्यास

२३ जून १९९३ रोजी केंब्रिजच्या आयझॅक न्यूटन संस्थेत तीन दिवसांच्या व्याख्यानमालेचा समारोप करताना गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी फळ्यावर फेर्माच्या शेवटच्या प्रमेयाचे विधान लिहिले आणि आपण आता इथे थांबतो, अशा अर्थाचे एक साधे वाक्य उच्चारले. साडेतीनशे वर्षे भल्याभल्यांना हुलकावणी देणारा प्रश्न सुटल्याची बातमी लगोलग जगभर पोहोचली. मात्र त्यानंतर जेमतेम दोन-तीन महिन्यांत त्या सिद्धतेत एक फट असल्याचे निष्पन्न झाले, आणि ती बुजवण्यात १९ सप्टेंबर १९९४ उजाडला. प्रस्तुत अभ्यास या मधल्या काळापुरता आहे. त्याआधीचा इतिहास लागेल तेवढाच घेतला आहे.

ध्येयावर टिकून राहण्याविषयी लिहिताना गरिबी, आजारपण किंवा विरोध यांच्याशी झगडलेल्या माणसांची उदाहरणे बहुधा दिली जातात. वाइल्स यांच्यावर यांपैकी कोणतेच संकट नव्हते. प्रिन्स्टन विद्यापीठात ते प्राध्यापक होते, नोकरी सुरक्षित होती, घरच्यांचा पाठिंबा होता. अडथळा बाहेर कुठे नव्हता. तो त्यांनी स्वतः लिहिलेल्या सुमारे दोनशे पानांत होता. आत्मशंका परिस्थितीच्या गोंगाटापासून वेगळी काढून पाहायची असेल, तर असे प्रकरण अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते.

ध्येय जडणे आणि ते बाजूला ठेवणे

एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेइतका असू शकतो. तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग बरोबर पाचचा वर्ग, हे शाळेत सर्वांनीच पाहिलेले असते. पण वर्गाऐवजी घन घेतले, किंवा चौथा, पाचवा अथवा त्यापुढचा कोणताही घात घेतला, तर अशा धन पूर्ण संख्या मिळत नाहीत, असे पिएर द फेर्मा यांनी १६३७ च्या सुमारास एका ग्रंथाच्या समासात लिहून ठेवले. आपल्याकडे याची सिद्धता आहे, पण समासात ती मावत नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. १९५३ साली जन्मलेल्या वाइल्स यांनी दहा वर्षांचे असताना हा प्रश्न वाचनालयातील एका पुस्तकात वाचला आणि तो आपण सोडवायचा, असे ठरवले.

यापुढची गोष्ट सहसा एका दमात सांगितली जाते : मुलाने स्वप्न पाहिले, मोठेपणी ते खरे केले. प्रत्यक्षात मध्ये एक मोठा खंड आहे. संशोधक विद्यार्थी म्हणून ते केंब्रिजला दाखल झाले, तेव्हा मार्गदर्शक जॉन कोट्स यांनी त्यांना इलिप्टिक कर्व्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्रांच्या अभ्यासाकडे वळवले, आणि वाइल्स यांनी फेर्माचा प्रश्न सरळ बाजूला ठेवला. त्यामागे व्यवहारी विचार होता. त्या काळी या प्रश्नावर घालवलेली वर्षे हाती काहीही न लागता वाया जाण्याची शक्यता मोठी होती, आणि उपलब्ध साधने जवळपास संपली होती. जे आत्ता साध्य होण्याचा मार्गच दिसत नाही ते मनाच्या तळाशी राहू द्यावे आणि दरम्यान हात तयार करावा, हा त्यांचा निर्णय ध्येयनिष्ठेच्या रूढ चित्रात बसत नाही; पण तो नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

१९८६ साली परिस्थिती बदलली. गेरहार्ड फ्राय यांनी आधी सुचवलेल्या एका दुव्याला केन रिबेट यांनी पक्के रूप दिले : इलिप्टिक कर्व्ह आणि मॉड्युलर फॉर्म (विशेष सममिती असलेली फलने) या दोन दूरच्या वाटणाऱ्या विषयांना जोडणारे तानियामा-शिमुरा अनुमान, म्हणजे तोवर सिद्ध न झालेले विधान, खरे ठरले, तर फेर्माचे प्रमेय आपोआप सिद्ध होते. लहानपणचा प्रश्न अशा रीतीने वाइल्स यांच्याच अभ्यासक्षेत्राच्या अंगणात येऊन उभा राहिला. आता अपयश आले तरी वाटेत मिळणारे गणित उपयोगी ठरणार होते.

एकांताची सात वर्षे

पुढची सात वर्षे त्यांनी घराच्या माळ्यावरील अभ्यासिकेत, जवळपास गुप्तपणे काम केले. सुरुवातीला हे केवळ पत्नीला ठाऊक होते. आधी तयार असलेले संशोधन ते थोडेथोडे करून प्रसिद्ध करीत राहिले, जेणेकरून ते नेमके कशात गुंतले आहेत याचा कोणाला संशय येऊ नये. प्रसिद्ध प्रश्नावर काम करतो आहे असे कळले, की येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी सुरू होते आणि लक्ष विचलित होते, असा त्यांचा अनुभवसिद्ध हिशेब होता.

या वर्षांचे वर्णन त्यांनी अंधाऱ्या वाड्याच्या रूपकातून केले आहे. एका खोलीत शिरावे, फर्निचरवर आदळत चाचपडावे, हळूहळू कोणती वस्तू कुठे आहे ते उमगावे, आणि सहा-एक महिन्यांनी दिव्याचे बटण सापडावे. मग पुढच्या अंधाऱ्या खोलीत जावे. या वर्णनात मला महत्त्वाचे वाटते ते असे, की अंधार हा त्यांच्या लेखी कामाचाच भाग होता. इवासावा सिद्धान्त या, संख्यांच्या अभ्यासातील आधीपासून प्रचलित पद्धतीच्या मार्गाने गेल्यावर ते अडकले. १९९१ मध्ये कोलिवागिन आणि फ्लाख या गणितज्ञांच्या नव्या पद्धतीची माहिती मिळाल्यावर त्यांनी आधीचा मार्ग सोडून ती पद्धत हाती घेतली आणि आपल्या गरजेप्रमाणे वाढवली. सोडून दिलेला हा जुना मार्ग पुन्हा लागणार आहे, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते.

१९९३ च्या आरंभी त्यांनी सहकारी निक कॅट्झ यांना विश्वासात घेतले. सिद्धता बारकाईने तपासून घेण्यासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकरिता एक साधासा अभ्यासक्रम असल्याचे भासवून व्याख्याने ठेवण्यात आली. मूळ हेतू न कळलेले विद्यार्थी एकेक करून गळाले आणि शेवटी वर्गात श्रोते म्हणून एकटे कॅट्झ उरले. एवढी काळजी घेऊनही चूक त्या वर्गात निसटली, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

फट

जूनमधील घोषणेनंतर हस्तलिखित छाननीसाठी गेले. काम इतके अवजड होते, की नेहमीच्या एक-दोन परीक्षकांऐवजी सहा जणांमध्ये प्रकरणे वाटून देण्यात आली, आणि तिसरे प्रकरण कॅट्झ यांच्याकडे आले. त्यांनी उन्हाळाभर ओळ न ओळ वाचत शंका विचारल्या. वाइल्स बहुतेक शंकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर देत. ऑगस्टमध्ये आलेली एक शंकाही अशीच किरकोळ वाटली. दिलेल्या उत्तराने कॅट्झ यांचे समाधान झाले नाही. दुसरे उत्तर गेले, तेही पुरेसे ठरले नाही. सप्टेंबरपर्यंत वाइल्स यांना कळून चुकले, की कोलिवागिन-फ्लाख पद्धतीच्या त्यांनी केलेल्या विस्तारात एका विशिष्ट गटाच्या (‘ग्रुप’ या गणिती रचनेच्या) आकाराला वरची मर्यादा घालणारा जो युक्तिवाद होता, तो उभाच राहत नाही. बाकीची प्रकरणे शाबूत होती. पण फेर्मापर्यंत नेणारा पूल मधोमध तुटला होता.

इथे दोन प्रकारच्या आत्मशंकांत फरक करावा लागतो. सात वर्षांच्या एकांतातील शंका खाजगी होती : जमेल की नाही, हा प्रश्न फक्त स्वतःला विचारायचा होता आणि त्याच्या उत्तराला मुदत नव्हती. आता ज्याचे अभिनंदन जगाने आधीच केले होते, तेच जमले नाही असे उघड होण्याची वेळ आली होती. ई-मेलवरून कुजबुज सुरू झाली. अनेक गणितज्ञांचे म्हणणे होते, की हस्तलिखित खुले करावे, म्हणजे इतरांनाही फट बुजवण्याचा प्रयत्न करता येईल. वाइल्स यांनी ते मान्य केले नाही. ४ डिसेंबर १९९३ रोजी त्यांनी एक छोटे जाहीर निवेदन प्रसृत केले : छाननीत काही अडचणी आल्या, बहुतेक सुटल्या, एक अजून सुटलेली नाही, ती लवकरच सुटेल असा विश्वास आहे, आणि फेब्रुवारीत प्रिन्स्टनमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमात संपूर्ण विवेचन करता येईल.

हस्तलिखित रोखून धरण्याच्या निर्णयाचे समर्थन किती करावे, याबद्दल माझ्या मनात द्विधा आहे. विज्ञानाच्या रीतीप्रमाणे घोषणा केली की पुरावा समोर ठेवावा लागतो, आणि या दृष्टीने टीकाकारांचे म्हणणे रास्त होते. दुसरीकडे, सात वर्षांच्या श्रमांची शेवटची वीट दुसऱ्याच कोणी बसवून घर आपले म्हणावे, ही भीतीही निराधार नव्हती. निवेदनातील फेब्रुवारीचा उल्लेख मात्र मला निःसंशय चूक वाटतो. ज्या प्रश्नाचे स्वरूपच पुरते कळलेले नाही, त्याच्या उत्तराची तारीख त्यांनी जाहीर केली, आणि ती उलटून गेल्यावर दडपण आणखी वाढले. अशा उघड प्रकाशात काम करणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही आणि तो अनुभव पुन्हा घेण्याची इच्छा नाही, असे वाइल्स यांनी पुढे सांगितले आहे.

याच सुमारास सहकारी पीटर सारनाक यांनी त्यांना एक व्यावहारिक सल्ला दिला : रोजच्या रोज ज्याच्याशी बोलता येईल असा एक जाणकार आणि विश्वासू माणूस सोबत घ्या. वाइल्स यांनी आपले पूर्वीचे विद्यार्थी रिचर्ड टेलर यांना बोलावले, आणि जानेवारी १९९४ पासून दोघे मिळून तुटलेला युक्तिवाद सांधू लागले. वसंत ऋतूपर्यंत यश आले नाही, तेव्हा त्यांनी वेगळ्या दिशेने नवा युक्तिवाद रचण्याचा प्रयत्न केला. एप्रिलच्या आरंभी तर फेर्माचे विधान खोटे ठरवणारे उदाहरण सापडल्याची वार्ता ई-मेलवरून फिरली. ती एप्रिल फूलची थट्टा निघाली, पण तोवर काहींची झोप उडवून गेली. नवी दिशाही ऑगस्टअखेर बंद पडली.

‘आणखी एक महिना’

ऑगस्ट १९९४ च्या शेवटी वाइल्स हार मानण्याच्या बेतात होते. टेलर यांना सप्टेंबर प्रिन्स्टनमध्येच काढायचा होता, त्यानंतर ते परतणार होते. त्यांनी सुचवले, की आणखी एक महिना पाहू. महिनाअखेर काही चिन्ह दिसले नाही, तर अपयश जाहीर करून सदोष सिद्धता इतरांच्या अभ्यासासाठी खुली करू.

या प्रस्तावाची रचना नीट पाहिली पाहिजे. त्यात यशाचे आश्वासन नाही. काम कधी संपवायचे हे त्यात आधीच ठरले होते, आणि संपवण्याची रीतही ठरली होती. वर्षभर जिचे सावट डोक्यावर होते ती सर्वांत वाईट शक्यता आता एका तारखेशी बांधली गेली आणि तिला एक सन्माननीय स्वरूप मिळाले. माझ्या वाचनाप्रमाणे इथेच प्रकरणाला कलाटणी मिळते, कारण त्यानंतर वाइल्स यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न बदलला. वर्षभर ते ‘ही पद्धत चालेल कशी’ असे विचारत होते. आता ‘ही पद्धत नेमकी कशामुळे चालत नाही’ हे स्वतःच्या समाधानासाठी समजून घ्यायचे, एवढेच त्यांनी ठरवले. पहिल्या प्रश्नात प्रत्येक अडचण ही शत्रू असते आणि ती टाळण्याकडे मन धावते. दुसऱ्या प्रश्नात अडचण हाच अभ्यासविषय होतो, आणि तिच्याकडे टक लावून पाहता येते.

१९ सप्टेंबर १९९४ रोजी, सोमवारी सकाळी, टेबलाशी बसून ते हीच चिकित्सा करीत असताना त्यांच्या लक्षात आले, की कोलिवागिन-फ्लाख पद्धत जिथे कोसळते, तिथे तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेला इवासावा सिद्धान्ताचा मार्ग पुन्हा जिवंत होतो. दोन्ही मार्ग एकेकटे अपुरे होते. एकाच्या उणिवेने दुसऱ्याला लागणारे नेमके साधन पुरवले. हे इतक्या सोप्या रीतीने जुळले होते, की वीस मिनिटे ते कागदाकडे अविश्वासाने पाहत राहिले. मग दिवसभर विभागात फिरत, अधूनमधून टेबलाशी परत येऊन ते अजून जागेवर आहे ना, याची खात्री करीत राहिले. ऑक्टोबरमध्ये दोन हस्तलिखिते प्रसृत झाली, एक वाइल्स यांचे आणि दुसरे टेलर व वाइल्स या दोघांचे. मे १९९५ मध्ये ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात दोन्ही छापून आली.

निष्ठा कशावर होती?

चिकाटीमुळे यश मिळाले, असा निष्कर्ष इथे काढणे सोपे आहे, आणि तो अपुरा आहे. चिकाटी असलेली माणसे या प्रश्नाच्या वाट्याला कमी आली नव्हती. १९०८ साली जर्मनीत या प्रमेयाच्या सिद्धतेसाठी एक लाख मार्कांचे वोल्फस्केल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा पहिल्याच वर्षी ६२१ सिद्धता येऊन पडल्या आणि ओघ पुढेही चालू राहिला. गोटिंगेन येथील प्राध्यापक एडमुंड लान्डाऊ यांनी तर उत्तराची छापील कार्डेच तयार ठेवली होती. पहिली चूक कोणत्या पानावर आणि कोणत्या ओळीत आहे, एवढी जागा कोरी असे आणि ती भरण्याचे काम विद्यार्थ्यांकडे असे. ते कार्ड हाती पडूनही पुनःपुन्हा तीच सिद्धता धाडणाऱ्या माणसाची निष्ठा आणि वाइल्स यांची निष्ठा यांत अंशाचा फरक नाही, जातीचा फरक आहे.

तो फरक कॅट्झ यांच्या शंकेला दिलेल्या प्रतिसादात दिसतो. पहिली दोन उत्तरे अपुरी ठरल्यावर वाइल्स यांनी चूक मान्य केली. आणि हे मान्य करणाऱ्याला गमावण्यासारखे खूप काही होते. ध्येय घट्ट धरायचे आणि त्यासाठी निवडलेली वाट मात्र सैल हाताने धरायची, ही विभागणी त्यांना १९८६ पूर्वीपासून साधली होती. प्रश्न बाजूला ठेवणे, इवासावा मार्ग सोडणे, तुटलेली पद्धत टाकून नवी दिशा शोधणे, ही सगळी एका अर्थी माघारच होती. बाहेरून पाहणाऱ्याला यांतली प्रत्येक माघार ध्येयच्युती वाटली असती.

आत्मविश्वासाच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली मांडलेली चौकट इथे लावून पाहता येते. ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार स्रोतांतून येतो, असे ते म्हणतात : स्वतः पूर्वी केलेली कामगिरी, आपल्यासारख्या इतरांना जमलेले पाहणे, दुसऱ्यांचे बोलणे, आणि शरीर-मनाची त्या वेळची स्थिती. यांत पहिला स्रोत सर्वांत भक्कम मानला जातो, आणि वाइल्स यांच्या बाबतीत नेमका तोच दूषित झाला होता, कारण ज्या कामगिरीवर विसंबायचे तीच सदोष निघाली होती. इतरांना जमलेले पाहण्याचा प्रश्नच नव्हता. शरीर-मनाची स्थिती जाहीर दडपणाखाली होती. उरला तिसरा स्रोत, आणि तो टेलर यांच्या रूपाने आला. पण त्याचे स्वरूप कौतुकाचे नव्हते. ‘तुम्हाला नक्की जमेल’ असे टेलर म्हणत नव्हते. तुटलेला युक्तिवाद दुरुस्त होणे अशक्य आहे, हे आपल्याला अजून पटलेले नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हे माणसाविषयीचे मत नव्हते, कामाविषयीचे होते. आणि ते काम आतून ओळखणाऱ्याने दिलेले होते. शंकेने ग्रासलेल्या माणसाला अशा मताचा आधार घेता येतो, कारण ते तपासता येते. नुसत्या धीराच्या शब्दांना तो मनातल्या मनात खोडून काढत असतो.

प्रकरणाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ही हकिकत यश मिळाल्यानंतर सांगितली गेली आहे, आणि यशस्वी माणसाच्या आठवणीत आधीच्या घटना एका रेषेत येऊन बसतात. ३० सप्टेंबर १९९४ पर्यंत काहीच सुचले नसते, तर हाच ‘एक महिना’ आपण निष्फळ हट्ट म्हणून वाचला असता, किंवा बहुधा वाचलाच नसता. शिवाय वर्षभर उत्पन्नाची चिंता न करता एका फटीपुढे बसून राहण्याची मुभा फार थोड्यांना मिळते; ती मुभा हे वाइल्स यांच्या निष्ठेचे श्रेय नव्हे, तिची पूर्वअट होती. आणि जिथे अपयशातून उपयोगी काहीच उरत नाही, अशा ध्येयांना हे प्रकरण जसेच्या तसे लागू करता येणार नाही. इथे फट राहिली असती तरी बाकीच्या प्रकरणांतील गणित स्वतंत्रपणे मोलाचे होते.

एका पुराव्याला मात्र स्मृतीच्या रंगकामाची बाधा फारशी पोहोचत नाही. गणिताच्या शोधनिबंधात पूर्ण झालेली इमारत दाखवतात. बांधकामाचे परांचे आधीच उतरवलेले असतात. १९९५ च्या निबंधाच्या प्रस्तावनेत वाइल्स यांनी परांचे ठेवले आहेत. १९९३ च्या शरदात युक्तिवाद अपूर्ण आणि कदाचित सदोष असल्याचे स्पष्ट झाले, टेलर मदतीला आले, दुसरा प्रयत्न ऑगस्टअखेर अडला, असे ते क्रमाने नोंदवतात. त्यानंतर १९ सप्टेंबर ही तारीख येते, आणि तिच्या आधी, जुन्या पद्धतीकडे शेवटचा दृष्टिक्षेप टाकण्याचे कारण एका उपवाक्यात येते : निदान अडथळा अधिक नेमकेपणाने मांडता यावा म्हणून.